एवढीशी क्लिप आणि तिचा पाना

आपल्या मध्यमवर्गीय घरात हत्यारांची म्हणून एक पेटी असते. पेटी कसली, बहुधा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात एक हातोडी, एक पकड, टोक झिजलेला एक स्क्रू-ड्रायव्हर आणि जबडा ढिला झालेला एक स्क्रू-पाना असतो. या चौघांच्या भरवशावर आपण सायकलीपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांचा समाचार घेत आलो. परंतु हल्ली घराघरांत आणि शेताशेतांवर अशी एक वस्तू येऊन बसली आहे, की तिच्यापुढे हे चौघेही कुचकामाचे ठरतात. ती वस्तू म्हणजे रबरी नळीवर आवळायची पोलादी क्लिप. कोणी तिला होज क्लिप म्हणतो, कोणी जुबली क्लिप. आमच्याकडे नुसते ‘क्लिप’ म्हटले की भागते.

कपडे धुण्याच्या यंत्राच्या पोटात ती आहे. मोटारीच्या रेडिएटरच्या नळीवर, गच्चीवरच्या पाण्याच्या पंपावर, ठिबकच्या गाळणीजवळ, मच्छीमार लाँचच्या इंजिनाला समुद्राचे पाणी आणणाऱ्या नळीवर, सगळीकडे तीच. दिवाळी अंकात ही पान्याची कथा कशाला, असे एखादा वाचक म्हणेल. त्याला एवढेच सांगतो की पंपदुरुस्तीच्या धंद्यात कृष्णा-वारणेच्या काठी माझी तीसेक वर्षे गेली, आणि जळालेल्या मोटारींच्या खालोखाल जर मी काही पाहिले असेल तर चुकीच्या हत्याराने नासवलेल्या क्लिपा.

वारा ओढणारा पंप

नदीकाठच्या पंपाची गंमत अशी, की त्याच्या सक्शनच्या बाजूची क्लिप ढिली झाली तर पाणी गळत नाही. गळाले असते तर बरे, निदान दिसले असते. तिथे उलटा मामला. पंप नळीतली हवा कमी करतो, बाहेरच्या हवेचा दाब नदीचे पाणी वर ढकलतो. हा दाब पाण्याला फार तर दहा मीटरच्या थोडे वर चढवू शकतो, आणि प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा धरू नये. अशा वेळी सांध्यात केसाएवढी फट असली तरी तिथून बाहेरची हवा आत शिरते. पंप घरघरतो, दोन मिनिटे पाणी टाकतो आणि कोरडा पडतो.

अजूनही पुष्कळ गावांत शेतीची वीज पाळीने येते आणि ती पाळी कधी रात्रीची असते. मग एखाद्या आबांचा फोन येतो. “मिस्त्री, पंप पाणीच वढंना झालाय बघा. फूटवाल बदलला, ग्लँड बदलला, चार येळा पाणी वतून झालं.” मी विचारतो, “आबा, क्लिप आवळून बघितली का?” तर उत्तर ठरलेले. “आवळली की! पर डायव्हर घसरतोय, बोटाला लागलं.” आबांनी मोबाइलचा दिवा दातांत धरलेला असतो, हात ओले असतात, आणि स्क्रू-ड्रायव्हरचे पाते त्या खाचेत काही केल्या ठरत नाही. पाळी संपते, वीज जाते आणि उसाची सरी कोरडीच राहते. पुढच्या पाळीपर्यंत ती तशीच.

अशा ठिकाणी पहिली तपासणी सोपी आहे. पंप चालू असताना सांध्यावर साबणाचा दाट फेस लावावा. फेस आत ओढला गेला, की चोर सापडला. मग प्रश्न राहतो तो हत्याराचा.

खाचेचा मोह

क्लिप नीट निरखून पाहा. एक लांब पोलादी पट्टी, तिच्यावर तिरप्या खाचा, आणि टोकाला एका छोट्या घरात बसवलेला स्क्रू. स्क्रूचे आटे पट्टीच्या खाचांत अडकतात. स्क्रूचा एक फेरा झाला की पट्टी एकच खाच पुढे सरकते. म्हणजे हाताचा थोडका जोर, पण पट्टीवर ताण मोठा. ही युक्ती ब्रिटिश नौदलातले कमांडर लमली रॉबिन्सन यांनी १९२१ साली पेटंट करून बाजारात आणली. जहाजावरच्या माणसाला नळी निसटण्याचे भय आपल्यापेक्षा जास्त कळणार, यात नवल नाही.

आता स्क्रूचे डोके पाहा. त्याला सहा बाजू आहेत आणि मधोमध एक खाच आहे. ही खाचच सगळ्या भानगडीचे मूळ. खाच दिसली की माणसाचा हात आपोआप स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो. पण लाकडात स्क्रू पिळताना आपण वरून दाब देऊ शकतो. इथे डोके बहुधा आडवे, नळीच्या कडेला, भिंतीच्या किंवा इंजिनाच्या आडोशाला. दाब द्यायला जागा नाही. पाते कडेने निसटते आणि जाते ते सरळ रबरी नळीत, रेडिएटरच्या नाजूक जाळीत, नाही तर दुसऱ्या हाताच्या तळव्यात. दोन-चारदा निसटले की खाचेचे ओठही फाटतात.

दुसरा उपाय लोक करतात तो स्क्रू-पान्याचा. त्याचा जबडा ढिला. तो सहांपैकी दोनच बाजू धरतो आणि तेही सैल. प्रत्येक झटक्याला कोपरे झिजतात, आणि डोके गोल झाले की मग ब्रह्मदेवही ते फिरवू शकत नाही. पकडीचे तर नावच नको.

या जागेचे खरे हत्यार म्हणजे नट ड्रायव्हर. मूठ स्क्रू-ड्रायव्हरसारखी, दांडा सरळ, आणि टोकाला गोटी पान्यासारखे सहा बाजूंचे खोलगट तोंड. ते डोक्यावर चढले की सहाही बाजू आतून धरल्या जातात. वरून दाबावे लागत नाही, कडेला निसटत नाही. आणि मला सर्वांत आवडणारा गुण असा, की त्याला उजेड लागत नाही. तोंड डोक्यावर टेकवून मूठ जराशी फिरवली की ते आपणच खाली बसते, आणि बसल्याचे हाताला कळते. रात्रीच्या पाळीच्या माणसाला यापेक्षा काय हवे?

कोणी म्हणेल, मग गोटी पान्याचा संच आणि कटकट वाजणारा रॅचेट आहेच की. आहे, मोठ्या बोल्टांना तो राजा आहे. पण क्लिपला तो घातक. अर्ध्या इंच रुंदीच्या साध्या क्लिपला पीळ हवा किती? फूटभर दांड्याच्या टोकाला एक-सव्वा किलोचे वजन टांगले तर जेवढा पडेल तेवढा. म्हणजे तीन ते चार न्यूटन-मीटरच्या आसपास. भरीव मुठीचा नट ड्रायव्हर हातात धरून नेटाने पिळला, की बहुतेकांचा हात तेवढ्यातच थांबतो. उलट रॅचेटच्या वीतभर दांड्यावर सहज पाच किलोचा जोर पडला तरी पीळ तिप्पट होतो. मग पट्टीच्या खाचांवरून आटे उडी मारतात, किंवा पट्टी रबरात रुतून नळी कापते. त्या वेळी काही दिसत नाही. महिनाभराने नळी तिथेच फाटते, आणि दोष दिला जातो नळीच्या कंपनीला.

सात, आठ आणि अडीच सूत

आता मापे. इथे थोडे थांबून वाचावे लागेल, कारण पैसे वाया जातात ते इथेच.

युरोपीय पद्धतीच्या क्लिपांचे डोके साधारण ७ मिलिमीटरचे असते. अमेरिकन पद्धतीच्या क्लिपांचे ५/१६ इंच, म्हणजे आमच्या मिस्त्रींच्या भाषेत अडीच सूत. इंचाचे आठ सूत, हा हिशेब ज्यांना शाळेत शिकवला नाही त्यांनी कुठल्याही वर्कशॉपात पाच मिनिटे उभे राहावे. अरुंद पट्टीच्या लहान क्लिपांना ६ मिलिमीटर किंवा दोन सूत असते. आपल्या बाजारात या सगळ्या जाती एकाच पेटीत मिसळून विकल्या जातात, आणि दुकानदाराला विचारले तर तो “सगळं एकच आहे हो” म्हणतो.

सगळे एक नाही. अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर. त्यावर ८ मिलिमीटरचा नट ड्रायव्हर झकास बसतो. फरक केसाएवढाही नाही. म्हणून ८ चा एक घेतला की अमेरिकन क्लिपांची सोय झाली. पण दोन सूत म्हणजे ६.३५. त्यावर ७ चा चढवला तर चढतो, आणि चढतो म्हणूनच फसवतो. मध्ये साडेसहा दशांश मिलिमीटरची मोकळीक राहते. तोंड सपाट बाजूंना न टेकता कोपऱ्यांना टेकते, आणि जोर दिला की कोपरे सोलतात. तीन सूत आणि १० मिलिमीटर यांची जोडीही अशीच खोटी. नेम साधा आहे: नट ड्रायव्हर डोक्यावर बसवून डावी-उजवीकडे हलवून पाहावा. खडखड जाणवली तर तो त्या डोक्याचा नव्हे.

ही मिलिमीटरची मापे क्लिपखेरीज इतर कामांतही येतात, हा दुसरा फायदा. ३ मिलिमीटरच्या बोल्टाच्या नटाला साडेपाचचा, ४ च्याला ७ चा, ५ च्याला ८ चा, ६ च्याला १० चा आणि ८ च्याला १३ चा पाना लागतो. म्हणजे ७, ८ आणि १० हे तीन हाताशी असले तर क्लिपा झाल्याच, शिवाय स्टार्टरच्या पेटीतले नट, मिक्सरच्या बुडाचे, पंख्याच्या कांडीचे, सायकलच्या मडगार्डचे, पुष्कळसे घर आटोक्यात येते. पत्र्याच्या शेडला जे स्वतःच भोक पाडणारे स्क्रू मारतात, त्यांतल्याही पुष्कळांचे डोके ८ चेच असते. सक्शनच्या तीन-चार इंची नळीला मात्र जाड पट्टीची, बोल्टची क्लिप असते. तिला १० किंवा १३ लागतो. १३ च्या कामाला मूठ अपुरी पडते, तिथे खुशाल टी-पाना वापरावा.

हा गोंधळ आला कुठून, याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. १९५६ साली दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेर-मण गेले, पण नटबोल्ट काही कायद्याने रातोरात बदलत नाहीत. जुन्या डिझेल इंजिनांवर अजून व्हिटवर्थचे नट सापडतात. त्यांच्या पान्यांवर १/४ कोरलेले असते, आणि नवखा पोरगा ते तोंडाचे माप समजतो. ते माप असते बोल्टाच्या जाडीचे! तोंड भरते अर्ध्या इंचाहून थोडे जास्त, १३.३ मिलिमीटर. ज्यांच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे त्यांच्यासाठी आणखी एक वेगळीच जात, बी. ए. म्हणजे ब्रिटिश असोसिएशनची. तिच्यात आकडा वाढला की स्क्रू बारीक होतो. त्यातल्या ४ बी. ए. च्या नटाला दोन सुती नट ड्रायव्हर बरोबर बसतो, २ बी. ए. ला मात्र ८ चा जात नाही, जराशाने अडतो. तिथे ठोकून बसवू नये. असे रेडिओ आता कोणी बनवत नाही.

दुकानात उभे राहून काय पाहावे

पुण्याची बोहरी आळी किंवा मुंबईची नागदेवी स्ट्रीट, कुठेही जा. दुकानदार आधी चकचकीत संच पुढे करील. नऊ नग, लाल-पिवळ्या मुठी, प्लॅस्टिकचा डबा. त्यातले चार जन्मात वापरले जात नाहीत. मी सांगतो, खिशात एक जुनी क्लिप घेऊन जा आणि सुटा नग मागा.

मग नट ड्रायव्हरच्या तोंडात डोकावा. काठाशी आत उतरता गोल उतार असतो, डोके सहज शिरावे म्हणून. हलक्या मालात हा उतार फार खोल ठेवलेला असतो. क्लिपचे डोके मुळात बुटके, चार-पाच मिलिमीटर उंचीचे. त्यातला निम्मा भाग उतारातच गेला तर सहा बाजूंची पकड उरते ती नखाएवढी. म्हणून उतार जेवढा कमी तेवढा नट ड्रायव्हर चांगला. त्यानंतर तोंडाची भिंत बघा. ती जाड असली तर क्लिपच्या घरावर किंवा नळीच्या रबरावर आपटते आणि तोंड तिरके बसते. पातळ भिंत हवी. पण पातळ भिंतीला पोलाद चांगले लागते, नाही तर ती फाकते. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का असला तर बरे, तरी शिक्का कोणीही मारू शकतो. माझी परीक्षा अशी, की दुकानातच खिशातल्या क्लिपवर चढवून हलवून पाहायचे. दुकानदार रागावला तर दुसरे दुकान.

दांडा पोकळ की भरीव? लांब बोल्टावरचा नट फिरवायचा असेल तर पोकळ हवा, म्हणजे बोल्टाचे टोक आत शिरते. डिश अँटेनाच्या यू-बोल्टाला, स्टार्टरच्या टर्मिनलला हाच लागतो. क्लिपला दोन्ही चालतात, म्हणून पोकळच घ्यावा, दोन्हीकडे उपयोगी. तोंडात लोहचुंबक बसवलेलेही मिळतात. पत्र्याच्या शेडवर चढलेल्या माणसाला ते वरदान. स्क्रू खाली पडत नाही. पण चुंबक तोंडाच्या तळाशी जागा खातो आणि पोकळपणाचा फायदा जातो. शिवाय लोखंडाचा कीस चिकटून तोंड भरते.

वाकणाऱ्या दांड्याचा नट ड्रायव्हरही येतो, स्प्रिंगसारखा. मोटारीच्या इंजिनाखाली जिथे सरळ दांडा पोचत नाही तिथे त्याला पर्याय नाही. तो घ्यायचा तर ७ चा घ्यावा. मात्र त्याने आवळताना दांडा आधी स्वतःच पिळला जातो आणि मग डोके फिरते; त्यामुळे किती आवळले हे हाताला नीट कळत नाही. गंजलेली क्लिप सोडवायला तर तो अगदीच निरुपयोगी.

मुठीबद्दल एकच गोष्ट. बारीक मुठीचे, घड्याळजींच्या हत्यारांसारखे नट ड्रायव्हर दिसायला गोड असतात. क्लिपला त्यांचा जोर पुरत नाही. तळव्यात भरेल अशी मूठ घ्यावी. तेलकट हाताने धरून पाहता आली तर फारच उत्तम, पण तेवढे लाड कोणता दुकानदार पुरवील!

खाऱ्या पाण्यावर

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मी एकदा एका लाँचवर इंजिन पाहायला गेलो होतो. समुद्राचे पाणी आत आणणारी नळी पाण्याच्या पातळीखाली असते. ती निसटली तर पंपाचे पाणी थांबत नाही, समुद्रच आत येतो. त्या लाँचवर प्रत्येक टोकाला दोन-दोन क्लिपा होत्या, एकीचा स्क्रू एका बाजूला, दुसरीचा समोरच्या. मी विचारले, तर तांडेलकाका म्हणाले, “एक तुटली तर दुसरी बंदराला आणते.” नळी बसते ते तोटीचे टोक दोन पट्ट्या मावण्याएवढे लांब असेल तरच याचा उपयोग, आखूड टोकावर दुसरी क्लिप रबराची कड कापते.

तिथे कळण्यासारखी दुसरी गोष्ट म्हणजे पोलाद. पुष्कळ क्लिपांवर ‘स्टेनलेस’ लिहिलेले असते, पण पट्टीच तेवढी स्टेनलेस आणि स्क्रू साधा, जस्ताचा मुलामा दिलेला. खाऱ्या हवेत स्क्रू आधी गंजतो आणि वर्षभरात कुठलाही नट ड्रायव्हर त्याला हलवू शकत नाही. लोहचुंबक लावून पाहावा. पट्टीला फारसा चिकटला नाही आणि स्क्रूला टचकन चिकटला, तर ती क्लिप समुद्राची नव्हे. बोटीवर ३१६ जातीच्या पोलादाची, स्क्रूसकट, हवी. मात्र स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडे फिरवले की आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून बसवण्यापूर्वी तेलाचा एक थेंब द्यावा. फक्त तेल रबरावर ओघळू देऊ नये.

बसवताना

नळीच्या खाली जी तोटी असते तिच्या टोकाशी एक उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे यावी, वर नव्हे आणि नळीच्या अगदी काठावरही नव्हे. स्क्रू अशा बाजूला वळवावा की पुढच्या खेपेला नट ड्रायव्हर सरळ पोचेल. बसवणाऱ्याला हे दोन सेकंदांचे काम, सोडवणाऱ्याला अर्ध्या तासाची कटकट. आवळल्यावर चार-आठ दिवसांनी पुन्हा एकदा हात लावावा. रबर दबते, पट्टी थोडी सैल पडते, आणि अर्धा फेरा अधिक लागतोच. रेडिएटरची क्लिप मात्र इंजिन थंड असतानाच. आत दाबाखाली कढत पाणी असते, आणि घाटात गाडी तापून उभी असली की घाई होते हे मलाही समजते, तरी थांबावे.

हल्लीच्या पुष्कळ मोटारींत स्क्रूच नसलेल्या स्प्रिंगच्या क्लिपा असतात. रबर तापून फुगले-आकसले तरी त्या आपणच जुळवून घेतात. त्यांना नट ड्रायव्हर लागत नाही, पकडीने दाबून सरकवतात; चांगल्या असतील तर काढून स्क्रूच्या बसवायच्या फंदात पडू नये. आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीला घरच्या माणसाने हात लावू नये. ते एजन्सीच्या मेकॅनिकचे काम आहे.

डोके गोल झालेली, गंजून बसलेली क्लिप सोडवण्यात दिवस घालवू नका. हॅकसॉच्या पात्याने पट्टीच कापा, खाली पत्र्याचा तुकडा सरकवून, म्हणजे नळी वाचेल. नवी क्लिप नळीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

खरेदीला निघाला असाल तर ७ चा आणि ८ चा आधी घ्या. १० चा पुढच्या महिन्यात घेतला तरी चालेल. सहाचा मात्र दुकानदाराला बहुधा माळ्यावरून शोधून काढावा लागतो, तेव्हा जरा थांबायची तयारी ठेवा.